नाव कुणी ठेवलं, तारीख कुणी लिहिली?

प्रस्तावना

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत, सरदारगृहात, लोकमान्य टिळकांचं निधन झालं. त्याच तारखेला आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. म्हणून दर १ ऑगस्टला महाराष्ट्रातल्या शाळा-कचेऱ्यांत दोन तसबिरी शेजारी-शेजारी मांडल्या जातात. एकीपुढे पुण्यतिथीचं भाषण होतं, दुसरीपुढे जयंतीचं. भाषण करणारं एखादं पोर हमखास सांगतं की एक सूर्य मावळला त्याच दिवशी दुसरा उगवला. टाळ्या पडतात.

अशा योगायोगानं मन हलतं आणि ते हलायलाच हवं. माझी तक्रार एवढीच आहे की भाषण तिथंच संपतं. अण्णा भाऊंना तारखेनं घडवलं नाही. मांग समाजातला जन्म, जेमतेम पाहिलेली शाळा, पोटासाठी गाठलेली मुंबई, गिरणगाव आणि लाल बावटा कलापथक यांनी त्यांना घडवलं. टिळक आणि अण्णा भाऊ यांना जोडणारा धागा शोधायचाच असेल तर तो कॅलेंडरपेक्षा गिरणगावात सापडतो. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्याच कामगारवस्तीत पुढे अण्णा भाऊंची शाहिरी वाढली. हा धागा तारखेच्या जुळणीपेक्षा कितीतरी बळकट आहे, पण तो दिसायला वाचावं लागतं, विचारावं लागतं.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. नावं जुळतात, जन्मतारखा जुळतात, आकडे पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि यामागं काहीतरी संकेत असला पाहिजे असं आपल्याला वाटतं. त्या वाटण्याची टिंगल करायला हे पुस्तक लिहिलेलं नाही. जुळणी दिसली की तिच्यामागं काय आहे ते कसं शोधायचं, शोधल्यावर काय हाती लागतं, आणि न शोधता विश्वास ठेवला तर कुणाचं नुकसान होतं, हे त्यात सांगितलं आहे.

हा विषय बजाजनगरात बसून लिहावा असं वाटलं, त्यालाही कारण आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच्या आणि भोवतालच्या औद्योगिक वसाहतीच्या आधारानं मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून, विदर्भातून, खानदेशातून, नगरकडून माणसं आली. जुन्या गावात प्रत्येकाची कुळकथा प्रत्येकाला ठाऊक असते. इथं शेजारच्या प्लॉटवरच्या माणसाचं गाव, नाव, आडनाव पहिल्यापासून विचारावं लागतं. अशा ठिकाणी नाव आणि तारीख यांना मोठं मोल येतं, कारण ओळखीची सुरुवात त्यांच्यापासूनच होते. आपल्याच नावाचा, आपल्याच तारखेचा माणूस भेटला की परक्या वस्तीत आपलं कुणीतरी सापडल्यासारखं होतं. वाळूजजवळच्या पंढरपूर या गावाचंच पाहा. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरीचं नाव आणि विठ्ठलाचं देऊळ असलेलं हे गाव छोटं पंढरपूर म्हणून ओळखलं जातं, आणि आषाढी एकादशीला तिथं भाविकांची रीघ लागते. ज्यांना कारखान्यातून रजा मिळत नाही, ज्यांना लांबची वारी झेपत नाही, त्यांना इथं विठोबा भेटतो. नाव जुळल्यानं केवढा आधार मिळू शकतो, हे मी याच रस्त्यावर पाहतो.

हाच आधार पुढं हिशेबात ओढला जातो. जन्मतारखेच्या दिवसाची बेरीज म्हणजे मूलांक, पूर्ण तारखेची बेरीज म्हणजे भाग्यांक, इंग्रजी स्पेलिंगमधल्या अक्षरांना आकडे देऊन केलेली बेरीज म्हणजे नामांक. त्यावरून मुलाचं नाव ठरतं, दुकानाच्या पाटीत एक अक्षर वाढतं, गाडीला आवडीचा क्रमांक मिळावा म्हणून आरटीओत जादा पैसे भरले जातात, स्थळ पसंत पडतं किंवा परत जातं.

या बेरजेत काय होतं ते आधी समजून घेऊ. एखाद्या संख्येतले अंक मिळवत, एकच अंक उरेपर्यंत जाणं म्हणजे त्या संख्येला नऊनं भागून बाकी काढणं. बाकी शून्य आली तर नऊ धरायचे. शाळेत गुणाकाराचा ताळा आपण असाच पाहत होतो. म्हणजे सगळी माणसं नऊ कप्प्यांत वाटली गेली. जगात ८०० कोटींवर माणसं आहेत, तेव्हा एकेका कप्प्यात ८०–९० कोटींच्या घरात माणसं येतात. इतक्या सगळ्यांचा स्वभाव, व्यवसाय आणि नशीब एका ओळीत सांगायचं तर ती ओळ फार सैल असावी लागते. तशी ती असतेच, आणि म्हणूनच प्रत्येकाला ती आपल्या मापाची वाटते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. अंकशास्त्र जगभर घरोघरी नेणाऱ्यांत कीरो हे नाव मोठं. तो जन्मानं आयरिश, मूळ नाव विल्यम जॉन वॉर्नर. भारतात येऊन कोकणातल्या जोशी मंडळींकडून आपण विद्या शिकलो, असं तो स्वतः सांगत असे. त्याची जन्मतारीख १ नोव्हेंबर १८६६. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची जन्मतारीख १ नोव्हेंबर १९४५. दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, फलज्योतिष आणि चमत्कारांचे दावे जाहीरपणे तपासायला लावले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. दोघांचा दिवस एक, महिना एक, मूलांक एक. एकानं आयुष्यभर अंकांतून भविष्य सांगितलं, दुसऱ्यानं आयुष्यभर असं भविष्य का सांगता येत नाही ते समजावलं. मूलांक १ची माणसं खंबीर आणि स्वतःच्या मताची असतात, असा बचाव इथं करता येईल. पण जो आकडा कीरोलाही लागू पडतो आणि दाभोलकरांनाही, तो आपल्या मुलीनं कोणत्या शाखेला जावं हे कसं सांगणार?

जन्मतारखेविषयी आणखी मुळातला एक प्रश्न आहे, आणि या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्यावरच आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत साठ-सत्तरीच्या पुढच्या माणसाला जन्मतारीख विचारा. फार वेळा उत्तर येतं, १ जून. एकाच घरात थोरल्याची १ जून, धाकट्याची १ जून, आणि दोघांमध्ये नेमकं दोन वर्षांचं अंतर. बाहेरच्या माणसाला हा चमत्कार वाटेल. गावातल्या माणसाला खरी गोष्ट माहीत असते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला सहा वर्षं पूर्ण झालेली हवीत. आई-बाप सांगायचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, दुष्काळाच्या आदल्या साली झाला, रझाकारांच्या धामधुमीत झाला. गुरुजी पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. मग मागं सहा वर्षं मोजून दाखलखारिज रजिस्टरात १ जून लिहिली जायची. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, आणि तो वाडी-वस्तीपर्यंत झिरपायला पुढं बरीच वर्षं गेली. तोवर गुरुजींच्या टाकानं लिहिलेली तारीख हीच माणसाची जन्मतारीख होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती चढली, तिथून नोकरीच्या कागदावर, पुढं आधार कार्डावर.

या तारखेचा एक सार्वजनिक परिणाम दरवर्षी दिसतो. शासकीय सेवेत ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असते तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते आणि एका दिवसात टेबलंच्या टेबलं रिकामी होतात. वाळूजचे कारखाने सुरू झाले तेव्हा विशीत लागलेले कामगार आता निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्यातही १ जूनवाले जागोजागी भेटतात. कीरोच्या पद्धतीनं १ हा सूर्याचा अंक, नेतृत्वाचा अंक. मग एका अख्ख्या पिढीच्या खेड्यापाड्यांत सूर्य एवढ्या संख्येनं का उगवले? कारण ग्रह आकाशात होते आणि रजिस्टर शाळेत होतं. या तारखेवरून मांडलेला भाग्यांक त्या माणसाचा होत नाही, तो शाळेच्या प्रवेशनियमाचा होतो.

मला मात्र १ जून ही तारीख खोटी म्हणून फेकून द्यावीशी वाटत नाही. तिच्यात मोठा अर्थ आहे. ज्या घरात कुणी कधी शाळेत गेलं नव्हतं त्या घरातलं पहिलं पोर शाळेच्या उंबऱ्यावर उभं राहिलं, त्या क्षणाची ती खूण आहे. जन्माची नोंद न ठेवणाऱ्या व्यवस्थेनं पहिल्यांदा त्याची नोंद घेतली ती तिथं. या अर्थानं १ जून हा लाखो मराठी माणसांचा अक्षरजन्म आहे, आणि त्याला मान द्यायचा तर तो असा द्यावा.

तारीख नोंदलेली असली तरी ती कोणत्या कालगणनेतली, हा प्रश्न उरतोच. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीला झाला असं महाराष्ट्र शासनानं स्वीकारलं आहे, आणि त्याची तारीख १९ फेब्रुवारी १६३० धरली जाते. ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कालगणनेत तोच दिवस १ मार्च १६३० येतो. त्याआधी बराच काळ वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७ ही तारीख मानली जात होती, आणि तिच्यावरून इतिहासाच्या अभ्यासकांनी मोठा वाद घातला. अंकशास्त्राच्या रीतीनं या तीन तारखांचे भाग्यांक अनुक्रमे चार, पाच आणि आठ येतात. राजा तोच, राज्य तेच, रायगड तोच. इतिहासकार शकावल्या ताडून, पुरावे तोलून तारीख ठरवतात, आणि ती बदलली तरी महाराजांचं कर्तृत्व तसूभर हलत नाही.

तारखेसारखंच नावाचं. नाव आकाशातून पडत नाही, ते कुणीतरी ठेवतं, आणि ठेवणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. बजाजनगरच्या नावातल्या घराण्याचीच एक गोष्ट सांगतो. जमनालाल बजाज यांना गांधीजी आपला पाचवा मुलगा मानत. त्यांचे नातू राहुल बजाज यांचा जन्म १० जून १९३८चा. राहुल हे नाव जवाहरलाल नेहरूंनी सुचवलं आणि इंदिरा गांधींनी ते आपल्या मुलासाठी मनात धरलं होतं म्हणून त्या नाराज झाल्या, अशी हकिकत सांगितली जाते. पुढं राहुल बजाज यांच्या मुलाचं नाव राजीव ठेवलं गेलं आणि राजीव गांधींच्या मुलाचं राहुल. एका घरात बाप राहुल आणि मुलगा राजीव, दुसऱ्या घरात बाप राजीव आणि मुलगा राहुल. नुसती नावं मांडली तर आरशातल्या प्रतिबिंबासारखी वाटतात. पण मागची हकिकत कळली की दिसतो तो दोन कुटुंबांचा स्वातंत्र्यचळवळीपासूनचा घरोबा. संकेत शोधणारा आरशापाशी थांबतो, आणि खरी रोचक गोष्ट त्याच्या हातून निसटते.

नावात वेदनाही असते. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवायची रीत आपल्याकडं होती. मुलीवर मुली झाल्या की एकीचं नाव नकुशी ठेवलं जायचं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलण्यात आली. त्या नावाचा दोष त्याच्या नामांकात नव्हता. रोज हजेरीला उभं राहून ‘मी नको होते’ असं त्या मुलीला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागत होतं, हा तो दोष होता. नाव बदलल्यानं आयुष्य बदलतं असं कुणी म्हणालं तर मी या मुलींकडं बोट दाखवीन आणि हो म्हणेन. तिथं नावाबरोबर घराची आणि समाजाची नजर बदलायला घेतली होती. स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवून ती बदलत नाही. आणि नुसतं नाव बदलल्यानं काय होतं, काय होत नाही, हे आपल्या शहराइतकं कुणाला ठाऊक? मलिक अंबरनं वसवलेलं खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक नावामागं एक राजवट, एक अभिमान, एक इतिहास आहे, आणि तो अभ्यासण्याजोगा आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येणार हे मात्र कोणत्याच नावाच्या बेरजेतून कळलेलं नाही.

आता मोजणीकडं येतो, कारण योगायोग किती दुर्मीळ याचा आपला अंदाज हमखास चुकतो. एका खोलीत किती माणसं असली म्हणजे त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? वर्षाचे ३६५ दिवस, म्हणून बहुतेक जण दीडशे-दोनशे सांगतात. उत्तर आहे २३. पन्नास माणसांत ही शक्यता ९७ टक्के होते. म्हणजे कंपनीची एक बस भरली की त्यात अशी जोडी असणारच असं जवळजवळ धरून चालावं. कारण सोपं आहे. २३ माणसांत जोड्या होतात २५३, आणि त्यांतली कोणतीही जुळली तरी चालते. पण प्रश्न जर असा असेल की खास माझ्याच तारखेचा माणूस भेटेल का, तर निम्मी शक्यता गाठायला मला २५३ इतर माणसं लागतात. दोन्हीकडं २५३ हाच आकडा आला, आणि त्यातही गूढ नाही. दोन्हीकडं जवळपास तेवढ्याच तुलना कराव्या लागतात. हे गणित वर्षाचे सगळे दिवस सारखे धरून केलेलं आहे. आपल्या १ जूनवाल्यांची बस असेल तर शक्यता आणखी वाढते.

योगायोगांच्या प्रसिद्ध याद्या अशाच तयार होतात. लिंकन आणि केनेडी यांची यादी मराठी वाचकांनी रविवारच्या पुरवण्यांत कितीदा वाचली असेल. लिंकन १८६० साली अध्यक्ष म्हणून निवडून आले, केनेडी १९६० साली. दोघांचीही हत्या झाली, आणि दोघांच्या जागी आलेल्यांचं आडनाव जॉन्सन. हे खरं आहे. पण याच यादीत लिंकनचा मारेकरी बूथ १८३९चा आणि केनेडींचा मारेकरी ऑस्वल्ड १९३९चा असंही छापलं जातं. बूथ १८३८चा होता. शंभर वर्षांची जुळणी व्हावी म्हणून कुणीतरी साल सरकवलं. आणि लिंकन १२ फेब्रुवारीला जन्मले, केनेडी २९ मे रोजी, हे त्या यादीत कुणी लिहीत नाही. जुळलेलं टिपायचं, न जुळलेलं गाळायचं आणि थोडक्यात चुकलेलं दुरुस्त करून घ्यायचं, या तीन कामांतून बहुतेक संकेत जन्माला येतात.

याचा अर्थ आकड्यांत कुठलीच लपलेली रचना नसते असा नाही. असते, आणि ती सापडल्याचा आनंद मोठा असतो. आपला एकोणिसावा वाढदिवस आला की तारीख आणि जन्मतिथी पुन्हा एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकानं. अडतिसाव्या वर्षी तेच होतं, सत्तावन्नाव्या वर्षीही. पुष्कळांना हा शुभशकुन वाटतो. कारण असं की सूर्याची १९ वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने यांची लांबी जवळजवळ सारखी भरते, फरक पडतो तो काही तासांचा. ही जुळणी खरी आहे आणि ती पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला लाभते.

दुसरं उदाहरण देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचं. गणिताची मोठी पदवी किंवा विद्यापीठाची खुर्ची नसताना या माणसानं आकड्यांशी आयुष्यभर सख्य केलं. त्यांना सापडलेली गोष्ट अशी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं, आणि वजाबाकी करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं, आणि पुढं तेच येत राहतं. १९८५ हे साल घेऊ. ९८५१ वजा १५८९ म्हणजे ८२६२. ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तुमच्या जन्मसालाचंही हेच होईल, शेजाऱ्याच्याही. कापरेकरांची थोरवी अशी की त्यांनी या आकड्यावर कुणाचं भविष्य बेतलं नाही. जी गोष्ट सगळ्यांच्या बाबतीत घडते ती एकट्याच्या नशिबाबद्दल काही सांगत नाही, हे ते जाणत होते. तिनं संख्यांचा स्वभाव कळतो, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

जन्मवेळेवरून माणसाविषयी काही सांगता येतं का, ही गोष्ट तपासूनही पाहिली गेली आहे, आणि तीही महाराष्ट्रातच. डॉ. जयंत नारळीकर यांनी प्रा. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं यांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका मांडल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढंच विचारलं. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. चाळिसांपैकी सर्वाधिक बरोबर होती २४. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर निघाली. नाणं उडवूनही एवढंच साधलं असतं. या चाचणीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिची सभ्यता. ज्योतिषांना आदरानं बोलावलं, नियम आधी सांगितले, आणि जो निकाल आला तो मांडला. वाद घालायचा तर असा घालावा.

तरीही कुणी म्हणेल, विश्वासानं बरं वाटत असेल तर बिघडलं कुठं? बरं वाटण्यापुरतं असेल तर काही बिघडत नाही. लेकाचा वाढदिवस आजोबांच्या पुण्यतिथीला येतो म्हणून आईचे डोळे भरून येत असतील तर त्या आसवांना पुरावा मागू नये. बिघडतं ते दुसऱ्याचं आयुष्य त्यात ओढलं की. अंक जुळत नाहीत म्हणून चांगलं स्थळ परत जातं, नवऱ्याच्या नावाला शोभावं म्हणून मुलीचं लहानपणापासूनचं नाव लग्नात पुसलं जातं, धंदा बुडत असताना हिशेब तपासायचा सोडून पाटी बदलली जाते. तिथं गप्प बसणं मला जमत नाही, आणि हे पुस्तक त्यासाठी आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. एखादी जुळणी तुम्हाला थक्क करील तेव्हा आधी थक्क व्हा, मग दोन प्रश्न विचारा. ही जुळणी सापडण्याआधी किती ठिकाणी शोधलं आणि किती ठिकाणी काहीच जुळलं नाही? आणि हे नाव कुणी ठेवलं, ही तारीख कुणी लिहिली? पहिला प्रश्न तुम्हाला फसवणुकीपासून वाचवील. दुसरा तुम्हाला तुमच्या आई-आजीपर्यंत, गावातल्या शाळेपर्यंत, एखाद्या दुष्काळापर्यंत किंवा संपापर्यंत घेऊन जाईल. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून त्यांच्या जन्माची खरी हकिकत लिहून ठेवा. आणि निव्वळ आकड्याच्या जिवावर कुणाचं नाव, स्थळ किंवा नोकरी नाकारू नका.

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर